कानाचा चष्मा

दिवाळीच्या आधी आमच्या घरमालकीण आंटींचा फोन आला. त्या आता लिस्बनला मुलीकडे राहतात. पुण्यातलं कॅम्पातलं हे जुनं घर त्यांनी मला भाड्याने दिलंय. करारात एक अट आहे: हॉलमधला पियानो जागेवरून हलवायचा नाही आणि वर्षातून दोनदा ट्यून करून घ्यायचा. पैसे त्या देणार, माणूस त्यांचाच, मी फक्त दार उघडायचं आणि चहा करायचा.

"अंकल येऊन गेले?"

"हो, परवाच."

"अजून कानानंच करतो ना तो? हल्ली सगळे मोबाइल घेऊन बसतात म्हणे."

"कानानंच करतात," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी खोटं बोलले. थोड्या वेळाने वाटलं, नाही, खरंच बोलले. त्यानंतर हा प्रश्न डोक्यातून गेलाच नाही. आंटींचा पियानो, अंकलचा मोबाइल आणि माझी रोजची नोकरी या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आधी माझा स्वतःचा पराक्रम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुलैत पावसाने पियानो पार बिघडला होता. दमट हवेत लाकडाचा साउंडबोर्ड फुगतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो, तोही सगळीकडे सारखा चढत नाही. अंकल गावाला गेलेले. मी विचार केला, एवढं काय आहे त्यात? प्रत्येक तारेची वारंवारता मोजायची आणि खुंटी पिळून ठरलेल्या आकड्यावर आणायची. इंजिनिअर आहे, फोनला माइक आहे. ट्यूनिंग हॅमर आणि रबरी पाचरी ऑनलाइन मागवल्या आणि गिटारसाठी वापरायचं एक फुकट अॅप घेतलं. पियानोच्या ८८ पट्ट्या, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास असतात, कारण मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा. दोन रविवार गेले. एक तार तुटली. ती तुटताना काय आवाज येतो ते ऐकल्यावर सगळ्या तारांचा मिळून १८-२० टन ताण असतो हे वाक्य पुन्हा पाठ करावं लागत नाही. शेवटी मात्र एकूण एक स्वराला अॅपवर हिरवा दिवा लागला.

मग मी एक साधा कॉर्ड वाजवला. आंबट लागला. प्रत्येक स्वर बरोबर आणि सगळे मिळून चूक. सॉफ्टवेअरवाल्यांना ही अवस्था ओळखीची आहे: सगळ्या युनिट टेस्ट पास आणि अॅप्लिकेशन बंद.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की मी काय काय चुकवलं होतं. पहिली गोष्ट अगदी सोपी. दोन तारा जवळजवळ सारख्या, पण अगदी सारख्या नसतील, तर एकत्र वाजवल्यावर आवाज डोलतो. ४४० आणि ४४१ हर्ट्झच्या तारा सेकंदाला एकदा डोलतात. तंबोरा जुळवताना जोडीच्या तारांमधला हा डोल ऐकूनच आपण खुंटी फिरवतो. पियानोवाले याला बीट्स म्हणतात आणि त्यांचं सगळं काम या बीट्सवर चालतं. सूर कितीवर आहे हे त्यांना माहीतच नसतं, माहीत करून घ्यायची गरजही नसते. एक सूर दुसऱ्याशी कसा बोलतो तेवढं ते ऐकतात.

माझ्या अॅपचा हिरवा दिवा दोन्ही बाजूंनी एकेक सेंटची सूट देत होता. लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट, म्हणजे एक सेंट काहीच नाही. पण मधल्या 'ए'जवळ दोन सेंटचा फरक दोन सेकंदांत एकदा डोलतो, आणि तोच फरक वरच्या सप्तकांत गेल्यावर सेकंदाला दोनाहून जास्त वेळा डोलतो. म्हणजे एकाच स्वराच्या तिन्ही तारांना हिरवा दिवा लागूनही तो स्वर थरथरत राहू शकतो.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. शुद्ध पंचमाच्या बारा उड्या मारल्या तर सात सप्तकं पूर्ण होऊन आपण षड्जावर परत यायला हवं. येत नाही. सुमारे साडेतेवीस सेंट पुढे जातो. हिशोब कुठेच चुकलेला नसतो, तो निसर्गतःच जुळत नाही. मग हे जादाचे सेंट कुठेतरी लपवावे लागतात. आजचा पियानो ते बाराही पंचमांत सारखे वाटतो. प्रत्येक पंचम जेमतेम दोन सेंट उतरता होतो, ते खपून जातं. पण गंधार शुद्धापेक्षा जवळजवळ चौदा सेंट चढा राहतो. तंबोऱ्यातून खर्जाच्या तारेत जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, तो ऐकत वाढलेल्या कानाला पियानोचा गंधार टोचतो तो यामुळे. आपल्याकडे हे भांडण पियानोवरून झालं नाही, पेटीवरून झालं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्यासह त्यांनी श्रुती हार्मोनियमचा घाट घातला. पुढे १९४० पासून आकाशवाणीने पेटीला तीसेक वर्षं दार बंद केलं. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढंच की 'बरोबर सूर' नावाची वस्तू आधीपासून कुठे ठेवलेली नसते. चूक असतेच, ती कुठे ठेवायची हे कुणीतरी ठरवतं.

आणि तिसरी गोष्ट, जिने माझा कॉर्ड आंबवला. पियानोची तार पोलादी आणि ताठ असते. त्या ताठपणामुळे तिच्यातले वरचे उपस्वर पुस्तकी दुप्पट-तिप्पट न राहता थोडे चढे निघतात. ४४० च्या तारेतला दुसरा उपस्वर ८८० च्या जरा वर असतो. मी वरचा 'ए' बरोब्बर ८८० वर आणून ठेवला आणि तो खालच्या 'ए'शी भांडायला लागला. म्हणून चांगला ट्यूनर वरचे स्वर पुस्तकापेक्षा थोडे चढे ठेवतो आणि खालचे थोडे उतरते. ओ. एल. रेल्सबॅक या अमेरिकन अभ्यासकाने १९३८ मध्ये हे मोजून त्याचा आलेख छापला. अगदी टोकाला हा फरक ३० सेंटच्या घरात जातो. आणि प्रत्येक पियानोचा ताठपणा वेगळा. आंटींच्या पियानोसारख्या बुटक्या अपराइटचा तर फारच. त्यामुळे जगातल्या कुठल्याही तक्त्यात या एका पियानोचे बरोबर आकडे सापडणार नाहीत.

ऑक्टोबरात अंकल आले तेव्हा मी त्यांना माझा उद्योग सांगितला. त्यांनी मधले चार स्वर वाजवले आणि म्हणाले, "गिटारचं अॅप?" एवढंच.

त्यांनी मधल्या भागातल्या तारांमध्ये फेल्टची पट्टी खोचली, म्हणजे प्रत्येक स्वराची एकच तार वाजेल. ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटला, त्यावरून 'ए' लावला. मग त्याच्या खालचा 'ए', आणि मग एक सप्तक भरत गेले. मला शेजारी बसवून एक तिसरं अंतर वाजवलं, एफ आणि ए. "मोज." मला आधी काही ऐकूच आलं नाही. मग अचानक ऐकू आलं, दोन्ही स्वरांच्या बऱ्याच वर, एक बारीक भिरभिर. सेकंदाला साधारण सात. मग एकेक पट्टी वर सरकत तीच अंतरं वाजवत गेले. सात, सातच्या जरा वर, आठच्या जरा आत… "लोकल स्टेशन सोडते तसं व्हायला पाहिजे. प्रत्येक डबा आधीच्यापेक्षा थोडा जोरात. एखादा डबा मध्येच हळू गेला की तिथे चूक." चूक कुठे ठेवायची याचा निवाडा ते असा करत होते. एकही आकडा न बघता.

हाताचं काम तर अॅपला दिसतच नाही. खुंटी नुसती फिरवून चालत नाही, ती बसवावी लागते. थोडं वर नेऊन परत यायचं, मग पट्टी जोरात ठोकून तार स्थिर करायची. माझे हिरवे दिवे दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायला लागले होते ते त्यामुळे.

अडीच तासांनी ते वरच्या दीड सप्तकाशी आले, तिथे थांबले, चहा प्यायले आणि खिशातून मोबाइल काढला. पियानोसाठी बनवलेलं अॅप होतं, विकतचं. त्यात त्यांनी सकाळीच या पियानोचे काही स्वर ऐकवून ठेवले होते. तारांचा ताठपणा मोजून अॅप त्या पियानोपुरता आलेख बनवतं. मी बघत होते हे त्यांना कळलं.

"वरचं आता ऐकू येत नाही," ते म्हणाले. "लाकडाची ठक् ऐकू येते, सूर नाही. चार वर्षं झाली." मग चष्म्याच्या काडीला बोट लावून म्हणाले, "डोळ्याला लागतो तसा कानाला लागला."

आंटींना सांगू नको असं ते म्हणाले नाहीत. ते मी माझं माझं ठरवलं.

तर प्रश्न असा. आंटी 'कानाने' केलेल्या कामाचे पैसे देतात. शेवटच्या दीड सप्तकाचं काम कानाने झालेलं नाही. यात फसवणूक आहे का?

पहिलं उत्तर सहज येतं: सूर बरोबर लागला ना, मग झालं. हे मी सोडून देणार नाही, कारण यात बरंच खरं आहे. आजची पियानोची चांगली सॉफ्टवेअर्स चांगलं ट्यूनिंग करतात. एक पियानो तयार कानाने लावलेला आणि दुसरा तयार हाताने सॉफ्टवेअर वापरून लावलेला, यांतला कुठला कुठला हे मला सांगता येणार नाही, आणि आंटींनाही येणार नाही असं वाटतं. कानाच्या कामात काहीतरी गूढ, 'आत्म्याचं' असतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. अलेक्झांडर एलिस या माणसाने एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ब्रॉडवुड कारखान्यातल्या उत्तम ट्यूनर्सचं काम मोजलं होतं. सेंट हे मापही त्याचंच. त्यात कुणाचंच समान सप्तक तंतोतंत समान निघालं नाही. थोडाथोडा फरक प्रत्येकाचा होता. म्हणजे कान अचूक असतो म्हणून त्याची बाजू घ्यायची, हे जमणार नाही.

दुसरं उत्तर अंकलचं: हा चष्मा आहे. इथे मी अडखळले. चष्मा धूसर प्रतिमा स्वच्छ करून डोळ्यालाच परत देतो, बघतो डोळाच. अॅप अंकलच्या कानाला काही परत देत नाही. ते स्वतः ऐकतं आणि निकाल सांगतं. चष्म्यासारखं काही असेल तर ते श्रवणयंत्र. हे अॅप म्हणजे नजर गेलेल्या माणसाला कुणीतरी पेपर वाचून दाखवावा तसं आहे. मग प्रश्न येतो, वाचणारा खरं वाचतोय हे कशावरून?

ते मी अंकलना विचारलं, जरा आडून. त्यांचं उत्तर मला अजून पुरतंय. ते म्हणाले, "मला ऐकू येतं तिथपर्यंत मी त्याला तपासतो. मधलं सप्तक मी लावतो, मग त्याला विचारतो, तू काय म्हणतोस? तिथे दोघांचं जमलं, अजून वर एक सप्तक जमलं, तर पुढे त्याच्यावर सोडतो. खाली जिथे तांबं गुंडाळलेल्या तारा सुरू होतात, तिथे या पियानोत तो नेहमी चुकीचं सांगतो. तिथे मी ऐकत नाही त्याचं."

म्हणजे दोघांना ऐकू येतं असा एक पट्टा आहे. त्या पट्ट्यात एकाने दुसऱ्याची परीक्षा घेतलेली आहे. त्याच्या पुढचा विश्वास आंधळा नाही, कमावलेला आहे. तुटला तर कुठे तुटला हे सांगता येईल असा आहे.

आंधळा हा शब्द मी सहज वापरला आणि तो इथे वापरायला नको होता. या धंद्याचा इतिहास अंध माणसांचा आहे. क्लोद मोंताल लहानपणी दृष्टी गेलेला फ्रेंच मुलगा, पॅरिसच्या अंधशाळेत शिकला. लुई ब्रेलही त्या काळात तिथेच होता. मोंतालने पियानो लावायची पद्धत स्वतः बसवली, इतर अंध विद्यार्थ्यांना शिकवली आणि १८३६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानंतर पुढची शंभर-दीडशे वर्षं युरोप-अमेरिकेत पियानो ट्यूनिंग हा अंध माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणारा एक मोठा व्यवसाय होता. आता पडद्यावर फिरणारी चकती बघा, ती थांबली की सूर लागला, अशी सॉफ्टवेअर आली. काम कानातून डोळ्यात गेलं. अंकलसारख्या ऐकू न येणाऱ्याला जे आत घेतं, तेच न दिसणाऱ्याला बाहेर ठेवू शकतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. चकती बनवणाऱ्यालाही हे सुचलं नसेल. मीही पडदे बनवते, मला कुठे दर वेळी सुचतं?

आता मला जास्त छळणारी बाजू. अॅपला 'चांगलं' म्हणजे काय हे कुणी शिकवलं?

अमेरिकेत पियानो टेक्निशियन्स गिल्ड नावाची संघटना आहे, तिच्या ट्यूनिंगच्या परीक्षेची रीत मला फार आवडली. आधी काही अनुभवी ट्यूनर एकत्र बसून, वाद घालत, कानाने एक पियानो लावतात. सगळ्यांचं एकमत झालं की प्रत्येक स्वराचे आकडे यंत्राने नोंदवून ठेवतात. मग तो पियानो मुद्दाम बिघडवतात आणि उमेदवाराला देतात. त्याचं काम यंत्राने मोजतात आणि त्या आकड्यांशी ताडून गुण देतात. त्यातही मधली दोन सप्तकं यंत्राशिवाय, कानानेच लावावी लागतात. यंत्र फूटपट्टी आहे, पण फूटपट्टीवरच्या रेघा माणसांच्या कानांनी आखल्यात.

जर्मनीत वुर्झबर्ग विद्यापीठातल्या हाये हिनरिकसेन या भौतिकशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये वेगळा रस्ता धरला. ८८ स्वरांचे ध्वनिपट एकमेकांवर टाकायचे आणि त्या ढिगाची एंट्रॉपी, म्हणजे पसारा, मोजायचा. मग एखादा स्वर यदृच्छेने किंचित हलवायचा. पसारा कमी झाला तर बदल ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. असं हजारो वेळा. यात बीट्सचे नियम नाहीत, ट्यूनरचे आडाखे नाहीत. त्यावरून बनलेलं सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्तस्रोत आहे. मी त्याचा कोड वाचायला बसले आणि एक संध्याकाळ मजेत गेली. कल्पना सुंदरच आहे. पण ती चालते हे त्याने कशावरून ठरवलं? तिच्यातून निघालेला आलेख कानाने लावलेल्या पियानोच्या आलेखासारखा दिसतो, यावरून. फिरून पुन्हा कुणाच्यातरी कानापाशीच आलो. उद्या सगळेच पियानो सॉफ्टवेअरने लागले तर पुढचं सॉफ्टवेअर कशाशी ताडून बघायचं? आधीच्या सॉफ्टवेअरशी?

हा प्रश्न मी पियानोबद्दल विचारत होते तेव्हा माझ्या नोकरीत तो आधीच होऊन गेला होता.

आमची टीम पैसे वाटण्याचा कोड लिहिते. एका ऑर्डरचे पैसे तीन विक्रेत्यांत वाटायचे. शंभराला तीनने भागलं तर तेहतीस रुपये तेहतीस पैसे तीनदा, आणि एक पैसा उरतो. हिशोब कुठेच चुकलेला नसतो. तो उरलेला पैसा कुठे ठेवायचा हे कुणीतरी ठरवायचं असतं. हा भाग मी एआय सहायकाकडून लिहून घेतला, टेस्टही त्याच्याकडूनच. सगळ्या हिरव्या. मी वाचला, वाचल्यासारखा केला म्हणा, आणि माझ्या नावाने जोडला. काही महिन्यांनी एका छोट्या विक्रेत्याने विचारलं की माझ्याच वाट्याला दर वेळी कमी का येतं? तीन ठिकाणी वाटताना उरलेला पैसा नेहमी पहिल्याला जात होता, आणि यादी अक्षरक्रमाने लागत असल्यामुळे पहिला नेहमी तोच असायचा. रक्कम हास्यास्पद होती, काही रुपये. पण मीटिंगमध्ये कुणीतरी साधा प्रश्न विचारला, "हे असं ठेवायचं हे कुणी ठरवलं?" आणि मी गप्प बसले. कारण कुणीच ठरवलं नव्हतं. मी ठरवलं नव्हतं, आणि त्या सहायकाला ठरवणं म्हणजे काय हे माहीत नाही. खाली नाव मात्र माझं होतं.

अंकल आणि मी दोघंही यंत्राच्या भरवशावर काम करतो, दोघंही ते गिऱ्हाइकाला सांगत नाही. तरी मला अंकलची चूक वाटत नाही आणि माझी वाटते. पक्षपात असेल म्हणून मी हे बरेचदा उलटसुलट करून पाहिलं. फरक मला एकाच ठिकाणी सापडतो. अंकलकडे जे होतं ते गेलं. ते नेमकं कुठून गेलं, कितव्या पट्टीपासून, हे ते बोट ठेवून दाखवू शकतात. त्या पट्टीच्या अलीकडे ते यंत्राला 'नाही' म्हणू शकतात, आणि म्हणतात. माझ्याकडे बऱ्याच ठिकाणी ते कधी आलंच नाही. माझ्या आधीच्या पिढीने रात्री जागून, चुका करून जो कान बनवला, तो बनायच्या आत मला मोबाइल मिळाला. मी यंत्राला नाही म्हणते का? म्हणते, स्वल्पविराम चुकला की. दोघांना ऐकू येतो असा पट्टाच माझ्याकडे अरुंद आहे, आणि तो कुठे संपतो हे मला माहीत नाही.

याला उत्तर म्हणून कुणी सांगेल, मग यंत्र वापरू नका, आधी दहा वर्षं कानाने करा. मला ते ढोंग वाटतं. मला दहा वर्षं कुणी देणार नाही, आणि दिली तरी त्या वेळात बाकीचे पुढे गेलेले असतील. अंकलनाही कुणी निवांत शिकवलं नव्हतं. धोबीतलावच्या एका दुकानात पोटासाठी लागले, तिथे अॅप नव्हतं म्हणून कान तयार झाला. असतं तर कदाचित झाला नसता, हे ते स्वतःच म्हणतात. त्यात त्यांचं मोठेपण काही नाही, असंही म्हणतात.

आंटींना मी शेवटी नाताळच्या फोनवर सांगितलं. वरचं दीड सप्तक मोबाइलने लावतात, कारण तिथलं त्यांना ऐकू येत नाही. आंटी जरा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्याचं जेवण वगैरे नीट चाललंय ना?" मला राग यायला हवा होता की हसू, कळलं नाही. मी महिनाभर डोक्यात खटला चालवत होते.

फेब्रुवारीत अंकल पुन्हा आले. मी मधल्या काळात रोज रात्री ती भिरभिर ऐकायचा सराव केला होता, तेव्हा मला बसवलं आणि वर पोचल्यावर म्हणाले, "तुझा कान तरुण आहे. तू ऐक, मी बघतो." ते चकतीकडे बघत खुंटी फिरवणार, मी नुसती ऐकणार. बरेचसे स्वर सरळ गेले. एका 'ए'वर मात्र तिन्ही तारा हिरव्या असताना मला तो डोलताना ऐकू आला. सेकंदाला एखादा, बारीक. मी म्हटलं, "डोलतोय."

"हा तर स्थिर म्हणतोय."

"डोलतोय, अंकल."

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मोबाइल पालथा ठेवला आणि हॅमर त्या खुंटीला लावला. "कुठे थांबू सांग."

मला घाम फुटला. 'थोडं वर' म्हटलं, 'नाही, खाली', 'अजून किंचित', 'थांबा'. थांबले. त्यांनी खुंटी बसवली, पट्टी ठोकली आणि पुढच्या स्वराकडे गेले. मी सांगितलेलं बरोबर होतं की नाही हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

जाताना दारात त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. जुन्या पियानोत कधीकधी एकटी तारच डोलते. ती गंजलेली किंवा पिळलेली असते, तिला कुठेही लावली तरी तो डोल जात नाही. शिकाऊ माणूस त्याच्यामागे तासन्‌तास लागतो. "तसं असेल कदाचित," म्हणाले. "नसेलही."

ते गेल्यावर मी दोन तारांत पाचर लावून तो 'ए' एकेका तारेवर वाजवत बसले. डावी तार सरळ वाटली. मधलीही. उजवी पहिल्यांदा डोलल्यासारखी वाटली, नंतर नाही वाटली, मग खालून टेम्पो गेला आणि काहीच ऐकू येईना.